कागदोपत्री लिंग बदलल्यावर विम्याचा हप्ता बदलतो का?

या अंकात ट्रान्सजेंडर वाचकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या पत्रांना उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत, फक्त गावाचा उल्लेख केला आहे, आणि पत्रांतील मुख्य मजकूर तेवढा घेतला आहे.

प्रश्न : मी ट्रान्स स्त्री आहे. वयाच्या ३४ व्या वर्षी मी टर्म विमा घेतला, तेव्हा माझ्या सगळ्या कागदपत्रांवर ‘पुरुष’ अशी नोंद होती. आता मी ३९ वर्षांची आहे आणि शस्त्रक्रियेनंतर जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून मला स्त्री म्हणून प्रमाणपत्र मिळाले आहे. स्त्रियांना आयुर्विम्याचा हप्ता कमी पडतो असे ऐकते. माझा हप्ता कमी होईल का, की जुनी पॉलिसी बंद करून नवी घ्यावी? (नाशिक)

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. स्त्रियांचे सरासरी आयुर्मान पुरुषांपेक्षा अधिक असते. सरकारच्या जन्म-मृत्यूंच्या नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१६-२० च्या आकड्यांनुसार भारतात जन्मवेळचे अपेक्षित आयुर्मान पुरुषांसाठी ६८.६ वर्षे, तर स्त्रियांसाठी ७१.४ वर्षे होते. त्यामुळे मृत्यूची जोखीम वाहणाऱ्या टर्म विम्यात स्त्रीला त्याच वयाच्या पुरुषापेक्षा कमी हप्ता आकारण्याची पद्धत आहे. काही कंपन्या स्त्रियांसाठी वेगळे दरपत्रक छापतात, तर काही ठिकाणी स्त्रीचे वय तीन वर्षांनी कमी धरून पुरुषाच्या तक्त्यातला दर लावला जातो.

परंतु आपला करार पाच वर्षांपूर्वीच झालेला आहे. समान हप्त्याच्या टर्म विम्यात पूर्ण मुदतीचा दर पॉलिसी घेतली त्या दिवशीच्या वयावर आणि त्या दिवशीच्या माहितीवर ठरतो, आणि त्यानंतर जे बदलते त्याने तो साधारणपणे वर जात नाही किंवा खालीही येत नाही. म्हणून नोंद दुरुस्त केल्याने हप्ता कमी होईल अशी अपेक्षा धरू नये; तसेच तो वाढवला जाईल अशी भीतीही बाळगू नये. आपण प्रस्तावपत्र (विम्याचा अर्ज) भरले तेव्हा आपल्या कागदपत्रांवर जे होते तेच लिहिले होते, त्यामुळे त्याला चुकीची माहिती देणे म्हणता येणार नाही.

नवी पॉलिसी घेण्याबाबत मात्र आधी हिशेब करावा. तीन वर्षे वय कमी धरण्याची पद्धत गृहीत धरली, तर ३९ वर्षांच्या स्त्रीला ३६ वर्षांच्या पुरुषाचा दर लागतो. आपण ३४ व्या वर्षाचा दर आधीच पदरात पाडून घेतलेला आहे. म्हणजे स्त्रीच्या दराची सवलत मिळूनही नवी पॉलिसी महागच पडण्याची शक्यता अधिक. शिवाय विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ नुसार पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला तिच्या वैधतेवर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही. आपल्या जुन्या पॉलिसीला हे संरक्षण मिळालेले आहे. नव्या पॉलिसीत ही तीन वर्षे पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जातील. विमा रक्कम वाढवायची असेल तर जुनी तशीच ठेवून जादा रकमेपुरतीच नवी पॉलिसी घ्यावी.

पैशाचा विचार बाजूला ठेवला तरी एक काम आपण लांबणीवर टाकू नये, आणि ते म्हणजे पॉलिसीवरील नाव आणि लिंग यांची दुरुस्ती. पॉलिसीवर जुने नाव आणि मृत्यूच्या दाखल्यावर नवे नाव असले, तर या दोन्ही व्यक्ती एकच होत्या हे सिद्ध करण्याचा भार आपल्या मागे राहिलेल्या नामनिर्देशित व्यक्तीवर (नॉमिनीवर) पडतो. आपल्या आयुष्याची ही बाजू घरात कोणी स्वीकारली नसेल, तर ते माणूस कागद कुठून गोळा करणार? कंपनीला लेखी अर्ज द्यावा, सोबत प्रमाणपत्र, नाव बदलल्याचे महाराष्ट्र शासनाचे राजपत्र, दुरुस्त आधार आणि पॅन जोडावे, आणि पॉलिसीवरील दुरुस्तीचे पत्र हाती पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. या सगळ्या कागदांची एक प्रत नामनिर्देशित व्यक्तीकडेही द्यावी.

प्रश्न : मी २९ वर्षांचा ट्रान्स पुरुष (जन्मवेळी स्त्री म्हणून नोंद झालेला) आहे, पुण्यात नोकरी करतो. माझ्या प्रमाणपत्रावर ‘ट्रान्सजेंडर’ अशी नोंद आहे. टर्म विम्यासाठी चौकशी केली तेव्हा एका कंपनीच्या अर्जात तिसरा पर्याय होता, पण हप्ता पुरुषाइतकाच आला. दुसऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर दोनच पर्याय होते. मला नेमका कोणता दर लागायला हवा? आधारवर ‘पुरुष’ करून घेतले तर फरक पडेल का? (पुणे)

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या मुळाशी एक उणीव आहे, आणि ती आपली नसून विमा व्यवसायाची आहे. आयुर्विम्याचे दर ज्या आधारावर बेतले जातात, ती भारतीय विमाधारकांची २०१२-१४ ची मृत्युदर सारणी वयानुसार मांडलेली आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी त्यात स्वतंत्र दर नाहीत. अर्जात तिसरा चौकोन छापणे सोपे असते, परंतु त्या चौकोनामागे आकडेवारी नसल्याने कंपनीला अखेर असलेल्या दोन दरांपैकी एक निवडावा लागतो. तो निवडताना जास्तीचा, म्हणजे पुरुषाचा, दर घेणे कंपनीच्या दृष्टीने सुरक्षित असते. ट्रान्स स्त्रीवर आणि ‘ट्रान्सजेंडर’ अशी नोंद असलेल्या प्रत्येकावर सरसकट पुरुषाचा दर लावणे मला न्याय्य वाटत नाही, कारण त्या निवडीला त्या माणसांविषयीच्या कोणत्याही अभ्यासाचा आधार नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात पुरुष, स्त्री किंवा तृतीयलिंगी म्हणून आपली ओळख ठरवण्याचा अधिकार मान्य केला. त्या ओळखीची किंमत हप्त्यातून वसूल होत असेल, तर ती कशाच्या आधारावर, हे सांगण्याची जबाबदारी कंपनीची आहे.

आपल्या बाबतीत व्यावहारिक उत्तर मात्र सरळ आहे. आपण पुरुष म्हणून नोंदवले गेलात तरी पुरुषाचा दर लागेल आणि पहिल्या कंपनीने ‘ट्रान्सजेंडर’ या नोंदीवरही तोच दर सांगितला आहे, त्यामुळे त्या कंपनीत आधार बदलून हप्त्यात काही फरक पडणार नाही. स्त्रीच्या दरापेक्षा तो जास्त असेल हे खरे, पण २९ व्या वर्षी दोन दरांतील अंतर तसे थोडे असते. समजा पुरुषाचा वार्षिक हप्ता १२,००० रुपये असेल आणि स्त्रीचा १०,५०० रुपये, तर हा १,५०० रुपयांचा फरक वाचवण्यासाठी जुन्या नोंदीवर ‘स्त्री’ म्हणून पॉलिसी घेण्याचा मोह कोणी दाखवला, तरी त्याला बळी पडू नये. आपल्याकडे प्रमाणपत्र असताना ते दडवून घेतलेली पॉलिसी पहिल्या तीन वर्षांत कंपनीच्या हाती आयते कारण देईल. तंबाखूचे सेवन आणि प्रकृती यांचा हप्त्यावर होणारा परिणाम लिंगाच्या नोंदीपेक्षा पुष्कळ मोठा असतो, आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या दरांतही बरीच तफावत आढळते. बचत तिथे शोधावी.

आधारबाबत सावधगिरीची एक सूचना आहे. आधारवरील लिंगाची नोंद सामान्य मार्गाने एकदाच बदलता येते. त्यानंतरच्या बदलासाठी आधार प्राधिकरणाच्या विभागीय कार्यालयाकडे अपवाद म्हणून जावे लागते. आज ‘ट्रान्सजेंडर’ करून घेतले आणि पुढे सुधारित प्रमाणपत्र मिळाल्यावर ‘पुरुष’ करायचे ठरवले, तर अडचण येते. त्यामुळे कायमची नोंद कोणती ठेवायची हे ठरवूनच आधार केंद्रावर जावे. पॅनच्या अर्जात २०१८ पासून ट्रान्सजेंडर हा स्वतंत्र पर्याय आहे, आणि २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्यानुसार मिळालेले प्रमाणपत्र पॅनसाठी ग्राह्य धरले जाईल हे केंद्र सरकारने २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मान्य केले आहे. आधार, पॅन आणि प्रस्तावपत्र या तिन्हींवर एकच नोंद असणे, हप्त्याच्या थोड्याफार फरकापेक्षा अधिक मोलाचे आहे.

दुसऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर पर्याय नसेल तर तिथेच थांबू नये. कंपनीला लेखी विचारावे की माझ्या नोंदीला कोणता दर लावणार आणि का. ‘सरळ जीवन विमा’ ही ५ ते २५ लाख रुपयांच्या संरक्षणाची प्रमाणित टर्म योजना १ जानेवारी २०२१ पासून आयुर्विमा कंपन्यांनी उपलब्ध करून द्यायची आहे, आणि ती लिंग, व्यवसाय, शिक्षण किंवा राहण्याचे ठिकाण यांची अट न घालता द्यावी असे विमा नियामकाचे निर्देश आहेत. दर कंपनीच ठरवते, पण लिंगाच्या कारणावरून दार बंद करता येत नाही.

प्रश्न : माझा मुलगा ट्रान्स पुरुष आहे, वय ३१. त्याची स्वतःची मेडिक्लेम पॉलिसी चार वर्षांपासून आहे आणि आता कागदपत्रांवर ‘पुरुष’ अशी नोंद आहे. गर्भाशयात गाठी झाल्याने आणि रक्तस्राव थांबत नसल्याने डॉक्टरांनी गर्भाशय काढायला सांगितले. कॅशलेसची विनंती आधी ‘पुरुष सदस्याला ही शस्त्रक्रिया लागू नाही’ म्हणून परत आली, मग ‘लिंगबदलाचे उपचार वगळलेले आहेत’ म्हणून नाकारली गेली. आम्ही पैसे भरून शस्त्रक्रिया करून घेतली. लिंगाची नोंद बदलली ही आमची चूक झाली का? (सांगली)

उत्तर : नाही, आपली चूक झालेली नाही. आपल्या मुलाला त्या दुखण्यात हा मनस्ताप सोसावा लागला याचे फार वाईट वाटते, आणि हा नकार आपण मुकाट्याने मान्य करू नये असे मला मनापासून वाटते.

आरोग्य विम्यात लिंगाच्या नोंदीचा हप्त्यावर फारसा परिणाम होत नाही. तिथे दर मुख्यतः वय, विमा रक्कम, राहण्याचे शहर आणि आधीचे आजार यांवर ठरतो. काही योजनांत स्त्रियांना थोडी सवलत असते, तेवढाच काय तो फरक. खरी किंमत मोजावी लागते ती दाव्याच्या वेळी, आणि आपल्या पत्रात तिची दोन्ही रूपे आली आहेत.

पहिला नकार हा संगणकाचा होता. ज्या यंत्रणेत गर्भाशयाची शस्त्रक्रिया फक्त ‘स्त्री’ या नोंदीशी जोडलेली असते, ती ‘पुरुष’ नोंद दिसताच विनंती परत पाठवते. असेच एखाद्या ट्रान्स स्त्रीच्या प्रोस्टेटच्या उपचारांबाबतही घडू शकते. अशा वेळी रुग्णालयाच्या विमा कक्षाने टीपीएला (कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेला) प्रमाणपत्राच्या प्रतीसह खुलासा पाठवला, तर प्रकरण माणसाच्या नजरेखाली येते. नियोजित शस्त्रक्रिया असेल तर दाखल होण्याच्या आधीच कंपनीला असे पत्र देऊन ठेवावे.

दुसरा नकार अधिक गंभीर आहे. विमा नियामकाने २७ सप्टेंबर २०१९ रोजी आरोग्य विम्यातील वगळण्यांची भाषा प्रमाणित केली. त्यातील ‘एक्सक्ल-०७’ हे कलम, शरीराची वैशिष्ट्ये विरुद्ध लिंगासारखी करण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेसह कोणत्याही उपचारांचा खर्च वगळते. हे कलम उपचारांच्या हेतूविषयी आहे. रुग्ण कोण आहे यावर ते चालत नाही. गाठी आणि रक्तस्राव यांसाठी काढलेले गर्भाशय हा आजारावरचा उपचार आहे, मग रुग्णाच्या कागदावर काहीही लिहिलेले असो. ट्रान्सजेंडर रुग्णाच्या प्रत्येक शस्त्रक्रियेला ‘लिंगबदल’ म्हणणे हा त्या कलमाचा चुकीचा अर्थ आहे. गाठी आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी अनेक पॉलिसींत दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो, परंतु आपल्या मुलाची पॉलिसी चार वर्षे अखंड चालू असेल तर तोही उरत नाही.

आता पुढे काय करायचे ते पाहू. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून, ती कोणत्या आजारासाठी केली हे स्पष्ट लिहिलेले पत्र घ्यावे. सोनोग्राफीचा अहवाल, हिमोग्लोबिनचे अहवाल आणि काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजी अहवाल जोडून भरपाईचा दावा दाखल करावा, आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालांकडे एक वर्षाच्या आत जाता येते. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत, ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद तिथे चालतात, शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. तक्रारीत २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या कलम ३ चा उल्लेख जरूर करावा, कारण जनतेसाठी खुल्या असलेल्या सेवा देताना भेदभाव करण्यास ते कलम मनाई करते.

लिंगबदलाच्या उपचारांचा खर्च हवा असेल तर मात्र बाजारातील बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी उपयोगी पडत नाहीत. २०१९ च्याच कायद्याच्या कलम १५ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रिया, हार्मोन उपचार आणि लेसर उपचार यांचा खर्च सर्वसमावेशक विमा योजनेतून भागवण्याची तरतूद सरकारने करावी असे म्हटले आहे. ज्या वर्षी संसदेने हे म्हटले, त्याच वर्षी नियामकाने हे उपचार वगळण्याचे कलम प्रमाणित केले, आणि ते अजून तसेच छापले जाते. ते कलम प्रत्येक पॉलिसीत घातलेच पाहिजे असे बंधन नाही. काही नियोक्त्यांनी आपल्या समूह विम्यातून ते काढून घेतले आहे. आपला मुलगा नोकरी करत असेल तर मनुष्यबळ विभागाकडून समूह विम्याची पूर्ण पुस्तिका मागून घ्यावी आणि त्यात हे कलम आहे का ते पाहावे.

प्रश्न : हार्मोन उपचार चालू आहेत हे प्रस्तावपत्रात लिहिले तर कंपनी मला मानसिक रुग्ण ठरवून हप्ता वाढवेल अशी भीती वाटते. लिहू नये का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : लिहावे. नियमित औषधे आणि झालेल्या शस्त्रक्रिया यांविषयी प्रस्तावपत्रात विचारलेले असते, आणि ते दडवल्यास दाव्याच्या वेळी रुग्णालयाच्या कागदांतून बाहेर येते. आरोग्य विम्यात सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर माहिती दडवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाल्यास हे संरक्षण मिळत नाही, आणि पहिली पाच वर्षे टांगत्या तलवारीखाली काढण्यात अर्थ नाही.

आपली भीती समजण्याजोगी आहे, परंतु तिला उत्तर देणारा कायदा आपल्या बाजूने आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, लिंगओळखीतील विसंगती मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. आणि कोणाला मानसिक आजार असला, तरी मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २१ नुसार त्याच्या उपचारांना शारीरिक आजारांच्याच धर्तीवर विमा संरक्षण द्यावे लागते. कंपनीने हप्ता वाढवला तर कारण लेखी मागावे.

प्रश्न : स्वस्त विम्यासाठी लोक लिंगाची नोंद बदलून घेतील, अशी चर्चा ऐकली. परदेशात तसे घडले आहे म्हणतात. मग हा बदल इतका सोपा असावा का? (मडगाव)

उत्तर : आपण म्हणता ती घटना कॅनडातील आल्बर्टा प्रांतातली आहे. तेथे तरुण पुरुषांना मोटार विमा तरुणींपेक्षा महाग पडतो, आणि एका तरुणाने जन्मदाखल्यावर ‘स्त्री’ करून घेऊन वर्षाला सुमारे १,१०० डॉलर वाचवल्याची बातमी २०१८ मध्ये गाजली. भारतात मोटारीच्या सक्तीच्या विम्यात असा लाभ मिळण्याची सोयच नाही. आपल्याकडे मोटारीच्या तृतीय पक्ष विम्याचा दर इंजिनाच्या क्षमतेवर सरकार ठरवते. १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे २,०९४ रुपये, मग चालक कोणीही असो.

आणि लिंगानुसार दर ठेवल्याने गैरवापर होतो असे वाटत असेल, तर उपाय दरपत्रकात शोधावा. युरोपीय न्यायालयाने १ मार्च २०११ रोजी तसा निर्णय दिला आणि २१ डिसेंबर २०१२ पासून युरोपीय संघातील नव्या विमा करारांत स्त्री-पुरुषांना वेगळे दर लावणे बंद झाले. कॅलिफोर्नियातही २०१९ पासून मोटार विम्याचा दर लिंगावर ठरत नाही. एका तरुणाच्या लबाडीसाठी, ज्यांना ही नोंद जगण्यासाठी हवी आहे त्यांची वाट कठीण करणे योग्य होणार नाही.

प्रश्न : मी ५२ वर्षांची तृतीयपंथी आहे, गुरूंच्या घराण्यात वाढले. माझ्याकडे प्रमाणपत्र आहे, पण उत्पन्न ठरलेले नाही. मला परवडेल असा विमा मिळेल का, आणि वारस म्हणून माझ्या चेल्याचे नाव लावता येईल का? (कोल्हापूर)

उत्तर : प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत प्रवेश ५० वर्षांपर्यंतच आहे, त्यामुळे ती आता आपल्याला मिळणार नाही, आपल्या घराण्यातील लहान वयाच्या मंडळींना मात्र ४३६ रुपये वार्षिक हप्त्यात २ लाखांचे संरक्षण मिळेल, हे त्यांना जरूर सांगावे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना ही अपघात विमा योजना ७० वर्षांपर्यंत खुली आहे आणि वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे संरक्षण देते. दोन्ही योजनांत लिंगानुसार हप्ता बदलत नाही आणि बचत खाते असलेल्या बँकेतच अर्ज करता येतो.

आरोग्यासाठी आपले प्रमाणपत्र फार उपयोगाचे आहे. २४ ऑगस्ट २०२२ रोजी सामाजिक न्याय मंत्रालय आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण यांच्यात झालेल्या करारानुसार ‘आयुष्मान भारत टीजी प्लस’ या संरक्षणात ट्रान्सजेंडर व्यक्तीला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळण्याची सोय आहे, लिंगबदलाच्या शस्त्रक्रियाही त्यात येतात, आणि हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. यासाठी ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवरून मिळालेले प्रमाणपत्र लागते. जिल्हा रुग्णालयातील आयुष्मान कक्षात प्रमाणपत्र आणि आधार घेऊन जावे आणि कार्ड काढून घ्यावे. कोणते रुग्णालय योजनेत आहे हे तिथेच विचारून ठेवावे, म्हणजे आजारपणात धावपळ होणार नाही.

चेल्याचे नाव नामनिर्देशित व्यक्ती म्हणून लावता येते. अर्जात नात्याच्या रकान्यात जे खरे आहे तेच लिहावे. परंतु एक गोष्ट नीट समजून घ्यावी. आयुर्विम्यात आई-वडील, जोडीदार किंवा मुले यांचे नाव लावले असेल तर विमा कायद्याच्या कलम ३९ नुसार रकमेवर त्यांचा स्वतःचा हक्क होतो. इतर कोणाचे नाव असेल तर ती व्यक्ती रक्कम स्वीकारते, पण कायदेशीर वारस पुढे येऊन तिच्यावर हक्क सांगू शकतात. ज्या जन्मघराने आपल्याला वर्षानुवर्षे विचारले नाही, तेच घर अशा वेळी दारात उभे राहण्याची शक्यता असते. म्हणून नामनिर्देशनाबरोबर मृत्युपत्रही करावे. त्याला मुद्रांक कागद लागत नाही. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या समक्ष सही किंवा अंगठा करून ते करता येते, आणि दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवल्यास पुढे आक्षेपाला जागा कमी राहते. मृत्युपत्रात आपले प्रमाणपत्रावरील नाव आणि पूर्वीचे नाव अशी दोन्ही नावे लिहावीत, आणि ज्यांच्या नावे रक्कम ठेवली आहे त्या चेल्याला साक्षीदार करू नये.